ज्यांच्या घरी नाताळ नसतो

२०१० सालच्या जून महिन्यातली गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर एलिना केगन यांची नेमणूक व्हायची होती. तिकडच्या रीतीप्रमाणे सिनेटच्या समितीपुढं त्यांना प्रश्न विचारले जात होते. आदल्या वर्षी नाताळच्या दिवशी डेट्रॉइटकडं निघालेल्या विमानात एकानं बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या अनुषंगानं लिंडसे ग्रॅहम या सिनेटरांना कायद्याचा मुद्दा काढायचा होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, नाताळच्या दिवशी तुम्ही कुठं होतात? केगनबाई गंभीरपणे कायद्याचं उत्तर द्यायला लागल्या. ग्रॅहम म्हणाले, तसं नाही, मी नुसतं विचारतोय, होतात कुठं? तेव्हा त्या म्हणाल्या, सगळ्या ज्यूंप्रमाणे मीही बहुधा एखाद्या चायनीज हॉटेलात असेन. सगळं सभागृह हसलं.

आपल्याला हा विनोद पटकन कळत नाही. ज्यू, नाताळ आणि चायनीज हॉटेल यांचा एकमेकांशी काय संबंध? पण त्या हशामागं शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आजूबाजूच्या साऱ्या लोकांनी एक सण सगळ्यांचाच आहे असं गृहीत धरलं, की ज्यांचा तो नाही त्यांनी त्या दिवशी करायचं काय? आज मी त्याविषयी बोलणार आहे.

गंमत अशी, की अमेरिकेत नाताळ पहिल्यापासून सगळ्यांचा नव्हताच. मॅसॅच्युसेट्समध्ये वस्ती केलेले प्युरिटन लोक कडवे ख्रिस्ती, पण त्यांना नाताळ मान्य नव्हता. बायबलमध्ये या सणाचा उल्लेख नाही, हा खाण्यापिण्याचा धिंगाणा आहे, असं त्यांचं म्हणणं. १६५९ साली त्यांनी कायदाच केला. नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड! तो कायदा १६८१ साली उठला. पुढं एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी झाड आणलं, दुकानदारांनी भेटवस्तूंच्या जाहिराती आणल्या, आणि १८७० साली अमेरिकन संघराज्याच्या कायद्यानं २५ डिसेंबर सुट्टीचा दिवस झाला. दोनशे वर्षांपूर्वी दंडाला पात्र असलेला सण आता सर्वांनी गृहीत धरलेला सण झाला.

ज्यूंच्या मनात या दिवसाविषयी काय होतं? येशू ज्यू आईच्या पोटी जन्मले, ज्यू म्हणूनच वाढले. पण ज्यूंच्या दृष्टीनं ते मसीहा नाहीत, त्यामुळं त्यांचा जन्मदिवस हा सण नाही. आम्हा मुसलमानांची स्थिती जरा वेगळी. आम्ही ईसांना पैगंबर मानतो, त्यांच्या आईच्या नावाचा एक अध्याय कुरआनात आहे, तरी नाताळ आम्हीही करत नाही. ज्यूंना मात्र या दिवसाची दुसरी एक आठवण होती. पूर्व युरोपातल्या गावांत नाताळच्या रात्री ज्यू माणसं घराबाहेर पडत नसत. दारू प्यायलेला एखादा जमाव कधी अंगावर येईल याचा नेम नसे. हसिदी ज्यूंमध्ये त्या रात्रीला 'निटल' म्हणतात. एरवी दिवसरात्र धर्मग्रंथ वाचणारे हे लोक त्या रात्री ग्रंथ मिटून ठेवत आणि पत्ते किंवा बुद्धिबळ खेळत बसत. म्हणजे सण न पाळणाऱ्यांचीही त्या रात्रीची एक रीत ठरून गेली होती.

पश्चिमेकडच्या शहरांत मात्र चित्र बदलत होतं. व्हिएन्ना, बर्लिन इथल्या सुखवस्तू ज्यू घरांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चक्क नाताळचं झाड उभं राहू लागलं. २४ डिसेंबर १८९५ या दिवशी व्हिएन्नातला एक पत्रकार आपल्या मुलांसाठी झाडावरच्या मेणबत्त्या पेटवत होता. तेवढ्यात शहराचे मुख्य रब्बी त्याच्याकडं आले आणि झाड पाहून अस्वस्थ झाले. पत्रकाराचं नाव थिओडोर हर्झल. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८९६ मध्ये, 'ज्यूंचं राष्ट्र' ही कल्पना मांडणारं त्याचं पुस्तक बाहेर पडलं. झाडाची ही नोंद त्यानं स्वतःच डायरीत करून ठेवली आहे, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

याच्या पुढची कडी बर्लिनमध्ये सापडते. ज्यू गूढवादाचे मोठे अभ्यासक गेरशोम शोलेम यांच्या लहानपणी त्यांच्या घरी नाताळ होत असे. घरचे म्हणत, हा जर्मन लोकांचा राष्ट्रीय सण आहे, आपण तो जर्मन म्हणून साजरा करतो. मुलगा तर ज्यू राष्ट्रवादाकडं झुकलेला. १९११ साली आईनं त्याच्यासाठी भेट आणली आणि झाडाखाली ठेवली. ती भेट म्हणजे हर्झलचा फ्रेम केलेला फोटो! आईचा हेतू प्रेमाचाच होता. पुढच्या वर्षापासून शोलेम नाताळला घरी थांबेनासे झाले.

या दोन घरांतल्या माणसांना मी हसत नाही. शेजारच्या साऱ्या खिडक्यांत दिवे लागलेले असताना आपल्या मुलाला 'हे आपलं नाही' असं दर वर्षी सांगत राहणं सोपं नसतं.

अमेरिकेत हा प्रश्न शाळेच्या दारातून आत शिरला. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू तिथं आले. न्यूयॉर्कच्या काही वस्त्यांत सरकारी शाळेतली जवळजवळ सगळी मुलं ज्यू, आणि शाळा चालवणारे ख्रिस्ती. डिसेंबर आला की नाताळची गाणी, नाताळची नाटुकली, नाताळवर निबंध. १९०५ साली ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातल्या एका मुख्याध्यापकांनी नाताळच्या कार्यक्रमात मुलांना ख्रिस्तासारखं व्हा, असा उपदेश केला. पालक खवळले. तक्रारी झाल्या, चौकशी झाली, फारसं काही हाती लागलं नाही. तेव्हा पुढच्या वर्षी यिडिश वृत्तपत्रांनी हाक दिली, आणि २४ डिसेंबर १९०६ या दिवशी हजारो ज्यू मुलं शाळेत गेलीच नाहीत. त्यानंतर शिक्षण मंडळानं धार्मिक गाणी आणि निबंध वगळायचं ठरवलं. झाड आणि सांताक्लॉज राहू दिले. त्यावर दुसऱ्या बाजूनं ओरड झाली, की पाहुण्यांनी येऊन आमचा नाताळच हिरावून घेतला.

मला या प्रकरणात राजकारणापेक्षा त्या मुलांच्या तोंडाचं कुतूहल वाटतं. वर्ग गातो आहे. गाण्यात 'आमचा तारणहार' असा शब्द येतो. ज्यू पोरानं तिथं काय करायचं? अमेरिकन ज्यूंच्या आठवणी वाचताना हा क्षण पुन्हा पुन्हा भेटतो. कुणी नुसते ओठ हलवत, कुणी तेवढा शब्द गिळत, तर कुणी मोठ्यानं गाऊन टाकत आणि घरी सांगत नसत. एखाद्या शब्दापुरतं मुकं होणं म्हणजे काय, हे कळायला कवी असावं लागत नाही.

आमच्या शाळेत दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की निबंध असायचा, 'आमची दिवाळी'. कोकणातलं लहान गाव, वर्गात आम्ही तीन मुसलमान. गुरुजींच्या मनात काही नसे; त्यांना आम्ही वेगळे वाटतच नसू, म्हणून तर विषय सगळ्यांना एकच. मी शेजारच्या घरातलं उटणं, मोती साबण, किल्ल्यावरचे मावळे आणि पहाटेची थंडी घेऊन निबंध लिहायचो. फराळाचं ताट आमच्याकडं खरोखरच येत असे, तेवढा भाग माझा स्वतःचा. पाचवीत असताना तो निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. कारंज्या कशा तळल्या जातात हे मी दारात उभं राहून पाहिलं होतं, आणि दारातून जरा जास्तच नीट दिसतं. माझं पहिलं ललित लेखन म्हणायचं तर तेच.

म्हणूनच आयर्विंग बर्लिन हा माणूस मला जवळचा वाटतो. १८८८ साली रशियन साम्राज्यात जन्मला, आईबापांनी नाव ठेवलं इस्राएल. वडील प्रार्थनामंदिरात स्तोत्रं गाणारे. १८९३ साली कुटुंब न्यूयॉर्कला आलं. गरीब वस्तीतल्या आयरिश शेजाऱ्यांच्या घरी जाऊन तो नाताळचं झाड पाहत उभा राही, असं पुढं त्यानंच सांगितलं आहे. याच बर्लिननं 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं लिहिलं. बिंग क्रॉस्बीनं ते २५ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवर गायलं, १९४२ साली ते 'हॉलिडे इन' या चित्रपटात आलं, त्याला ऑस्कर मिळालं. जगात सर्वांत जास्त खपलेली तबकडी म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं.

त्या गाण्यात येशू नाही, मेरी नाही, गोठा नाही. बर्फ आहे, आणि लांब राहिलेल्या घराची आठवण आहे. दूर देशी लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांना ते इतकं का भिडलं, हे वेगळं सांगायला नको. बर्लिनच्या आयुष्यात २५ डिसेंबरला आणखी एक अर्थ होता. १९२८ साली त्याच दिवशी त्याचा तान्हा मुलगा गेला. बायको कॅथलिक होती. घरी मुलींसाठी झाड लागे, आणि नवरा-बायको त्या दिवशी मुलाच्या कबरीवर जाऊन येत.

बर्लिन एकटा नव्हता. लाल नाकाचा रुडॉल्फ हा हरीण १९३९ साली एका दुकानासाठी जाहिरातीची पुस्तिका लिहिताना रॉबर्ट मे यांनी जन्माला घातला, आणि त्यावरचं १९४९ सालचं गाणं त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी केलं. दोघंही ज्यू. 'सिल्व्हर बेल्स', 'लेट इट स्नो' ही गाणीसुद्धा ज्यू गीतकार-संगीतकारांची. फिलिप रॉथ यांच्या १९९३ सालच्या 'ऑपरेशन शायलॉक' या कादंबरीत याची मोठी खट्याळ तारीफ आहे. बर्लिननं ख्रिस्ताच्या सणातून ख्रिस्ताला अलगद बाहेर काढलं आणि तिथं बर्फ ठेवला, असा त्याचा मथितार्थ. १९०६ साली मुलांनी शाळेबाहेर राहून जे मागितलं होतं, ते जवळजवळ असंच काही होतं!

दुसरीकडं ज्यूंनी स्वतःच्या घरातला एक लहानसा सण मोठा करायला घेतला. हनुक्का त्याचं नाव. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराला ग्रीक राजा अँटायोकस याच्या सैन्याकडून मॅकबी घराण्यानं जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं, त्याची ही आठवण. एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं अशी कथा, म्हणून आठ रात्री दिवे लावायचे. धर्मशास्त्रात या सणाचं स्थान दुय्यम. त्या दिवसांत कामधंदा बंद ठेवावा लागत नाही. पण तो येतो डिसेंबरच्या आसपास, आणि तेवढ्यावर त्याचं नशीब उघडलं. मुलांना खाऊसाठी नाणी द्यायची पद्धत होती, तिच्या जागी भेटवस्तू आल्या. मग आठ रात्री आठ भेटी. १९७९ साली अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउससमोरच्या बागेत हनुक्काच्या दिव्याच्या समारंभाला हजेरी लावली. २००१ साली अध्यक्ष बुश यांनी व्हाइट हाउसमध्येच हनुक्काची मेजवानी दिली. आपण इतरांसारखं व्हायचं नाही, असं म्हणून लढलेल्यांचा हा सण. तो अमेरिकेत शेजाऱ्यांच्या सणासारखा होत गेला. काही रब्बींनी यावर कपाळाला हात लावला. मला विचाराल तर त्या आईबापांचं बरोबर होतं. पोराला डिसेंबरमध्ये हातात धरायला काहीतरी हवं होतं.

हनुक्का हिवाळ्यातच का राहतो, हे आपल्याला चटकन समजेल. ज्यूंचे महिने चंद्राचे, पण एकोणीस वर्षांत सात वेळा ते अधिक महिना धरतात, आपल्याकडच्या अधिक मासासारखाच. आमच्या हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळं आमची ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते आणि साऱ्या ऋतूंत हिंडून येते. २००० साली तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हनुक्का, नाताळ आणि रमजान ईद एकत्र आले होते.

हनुक्काचा विषय निघाला की मला आमच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल आठवतात. मराठी बोलणारे हे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गंमत म्हणजे या लोकांना शेकडो वर्षं हनुक्का ठाऊकच नव्हता. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी यावरून असा तर्क केला, की आमचे पूर्वज मॅकबींच्या लढाईच्या आधीच तिथून निघाले असावेत. अभ्यासकांना हा पुरावा पुरेसा वाटत नाही. पण जो सण अमेरिकेत ज्यू असण्याची खूण बनला, तो माहीत नसताना इथं माणसं पिढ्यान् पिढ्या ज्यू राहिली. शनिवार पाळला, सुंता पाळली, 'शेमा' ही प्रार्थना पाळली. एलियाहू पैगंबरांच्या नावानं पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा केला. हा मलिदा शब्द आमच्या दर्ग्यातलाही.

नाताळची पंचाईत मात्र त्यांच्याही वाट्याला आली, जरा वेगळ्या वाटेनं. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनॅगॉग बांधणाऱ्या दिवेकरांना लोक सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी. पुढं मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, शाळांतून बेने इस्राएल मुलं शिकली, मराठी बायबल वाचू लागली. ही मंडळी ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांना आशा होती. फार थोडे झाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं आणि ते आपल्या सिनॅगॉगमध्ये परत गेले. पण इंग्रजी शिक्षणाबरोबर नावं बदलली. सामाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला, आणि सॅम्युएल, डेव्हिड, रिबेका ही नावं ऐकली की आपल्याकडं माणूस सरळ 'हॅपी ख्रिसमस' म्हणून मोकळा होतो. नट डेव्हिड आठवा. चौलचे म्हणून चेऊलकर, पक्के बेने इस्राएल. १९५४ सालच्या 'बूट पॉलिश'मधला त्यांचा जॉनचाचा इतका गाजला, की फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पडद्यावर नुसतं 'डेव्हिड' असं नाव यायचं, आडनाव नाही. हा माणूस ख्रिस्ती नाही, असं किती प्रेक्षकांच्या मनात आलं असेल?

मी अलिबागला बी.ए. करत होतो तेव्हा इस्रायल आळीवरून जाणं-येणं असे. बरीचशी घरं तेव्हाच रिकामी झाली होती. माणसं इस्राएलला गेली होती. जी उरली होती त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ दर नाताळला येणाऱ्या शुभेच्छा मुकाट्यानं स्वीकारत. मी एकदा विचारलं, काका, सांगत का नाही? ते म्हणाले, "अरे, चांगलंच चिंततात ना? आणि सांगायला गेलं तर मोझेसपासून सुरुवात करावी लागते." मलाही लोक कौतुकानं म्हणतात, तुम्ही मराठी किती छान बोलता! तेव्हा मीही बऱ्याचदा नुसता आभार मानतो.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टातही गेला. १९८९ साली पिट्सबर्गच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की न्यायालयाच्या जिन्यावर नुसता येशूजन्माचा देखावा मांडणं घटनेला धरून नाही. पण दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर पंचेचाळीस फुटी झाडाशेजारी हनुक्काचा अठरा फुटी दीपवृक्ष चालेल. झाड धार्मिक नाही, ऋतूचं प्रतीक आहे, असा त्यातला एक युक्तिवाद. ज्या घरात ते झाड कधीच आलं नाही, त्या घराला हे ऐकून काय वाटलं असेल, ते न्यायमूर्तींनी विचारलं नाही.

चार वर्षांनी, डिसेंबर १९९३ मध्ये, माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीवर कुणी वीट मारली. खिडकीत हनुक्काचा दिवा लावलेला होता. त्या शहरात ज्यू घरं अगदी मोजकी. 'बिलिंग्ज गॅझेट' या स्थानिक वर्तमानपत्रानं पानभर दीपवृक्षाचं चित्र छापलं, आणि बघता बघता सुमारे दहा हजार घरांच्या खिडक्यांत ते चिकटलं. कुठल्या घरावर वीट मारायची हे आता कळणार नव्हतं. त्यातल्या बहुतेक घरांत आत नाताळचं झाडही होतंच.

आता त्या चायनीज हॉटेलाकडं येऊ. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला ज्यू आणि चिनी वस्त्या शेजारी शेजारी. नाताळला साऱ्या खानावळी बंद, चिनी हॉटेल उघडं, कारण त्यांचाही तो सण नाही. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, आणि चिनी स्वयंपाकात दूध नसतंच. डुकराचं मांस बारीक चिरून आत गेलेलं असे, तिकडं अनेकांनी काणाडोळा केला. आणखी एक सोय होती. चिनी वाढप्याच्या नजरेत ज्यू, आयरिश, इटालियन सगळे सारखेच परके. त्या टेबलावर बसलेल्या ज्यूला, तू नाताळ का करत नाहीस, असं कुणी विचारत नसे. जेवण झालं की सिनेमा.

ज्यांना हॉटेलात जायचं नव्हतं ते कामावर गेले. अमेरिकेतल्या इस्पितळांत नाताळच्या दिवशी ज्यू डॉक्टर, नर्स आपणहून पाळी घेतात. ख्रिस्ती सहकाऱ्यांना घरी जाता यावं म्हणून. ही रीत वाचली तेव्हा मला आमचे मामू आठवले. ते एसटीत कंडक्टर होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडं असे आणि बकरी ईदच्या दिवशीची एका पाटलांकडं. डेपोत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी गाडी जवळजवळ मोकळीच धावायची. शेवटच्या गावात पोचेपर्यंत घराघरात पूजा झालेली असायची. मामू गाडीतच झोपत, आणि सकाळी उतरत तेव्हा त्यांच्या तिकिटांच्या पेटीवर कुणी ना कुणी कागदात बांधलेल्या चकल्या ठेवून गेलेलं असे.